विमानाच्या कारखान्यातली मोटार

गेले काही भाग आपण लढायांवर बोलत होतो. आज लढाई नाही, पण एक माघार आहे. वीसएक वर्षं चाललेली, तुकड्यातुकड्यांनी झालेली माघार. ती कुठल्या सैन्याची नाही, स्वीडनमधल्या एका मोटार कंपनीची आहे. कंपनीचं नाव साब.

नाव ऐकून हसू येईल. फौजेत 'साब' हा शब्द दिवसातून शंभर वेळा कानावर पडतो. सुभेदारसाब, मेजरसाब, जी साब. हे साब वेगळं. 'स्वेन्स्का एरोप्लान आक्तिएबोलागेत' या लांबलचक स्वीडिश नावाची आद्याक्षरं घेतली की साब होतं. मराठीत सांगायचं तर स्वीडिश विमान कंपनी, मर्यादित. म्हणजे नावात विमान आहे, मोटार कुठेच नाही. एवढं लक्षात ठेवा.

ही मोटार भारतातल्या रस्त्यांवर जवळजवळ दिसलीच नाही. पण माझ्या पिढीच्या पायदळातल्या माणसाला साबचा धागा दुसऱ्या बाजूने ओळखीचा आहे. खांद्यावरून डागायचा ८४ मिलिमीटरचा रॉकेट लॉन्चर, ज्याला आम्ही नुसतं 'आरएल' म्हणायचो, तो मूळचा स्वीडिश. कार्ल गुस्ताफ त्याचं नाव. सत्तरच्या दशकापासून तो आपल्या फौजेत आहे आणि आपल्याच आयुध कारखान्यांत परवान्याखाली बनत आला. जुन्या बनावटीचं वजन चौदा किलोच्या आसपास. चढावर तो वाहून नेणाऱ्या जवानाला विचारा, चौदा किलो म्हणजे काय ते. हा लॉन्चर बनवणारी स्वीडिश कंपनी पुढे साबच्या छत्राखाली आली. म्हणून साबच्या मोटारीचं दिवाळं निघाल्याची बातमी २०११ च्या डिसेंबरात आली तेव्हा माझ्यासारख्या अनेकांच्या मनात पहिला प्रश्न आला, मग शस्त्रं बनवणाऱ्या साबचं काय? तिचं काहीच झालं नव्हतं. ती खणखणीत उभी होती, आजही आहे. एकाच नावाच्या दोन घरांपैकी एक का बुडालं आणि दुसरं का तरलं, हे आज पाहायचं आहे.

सुरुवात १९३७ सालची. युरोपवर युद्धाचे ढग जमत होते. स्वीडन तटस्थ देश, पण तटस्थ राहायचं तर स्वतःचं संरक्षण स्वतः करावं लागतं, कारण युद्ध पेटल्यावर विमानं विकायला कोणी मोकळं नसतं. म्हणून सरकारच्या पाठबळावर आणि बड्या उद्योगपतींच्या पैशावर ही विमान कंपनी निघाली. कारखाने दोन गावांत, त्रोलहॅटन आणि लिनशोपिंग. युद्धाची वर्षं कामाची ददात नव्हती. बॉम्बर बनले, लढाऊ विमानं बनली. मग १९४५ आलं. युद्ध संपतंय हे दिसायला लागलं आणि व्यवस्थापनाला घोर लागला की आता एवढी विमानं घेणार कोण? हातात कसबी कामगार, पत्रा वाकवायची यंत्रं, हिशोबात पक्के इंजिनियर. या सगळ्यांना काम हवं. बऱ्याच गोष्टींचा विचार झाला आणि शेवटी ठरलं, छोटी, स्वस्त मोटार बनवायची.

काम सोपवलं गुन्नार ल्युंगस्ट्रोम नावाच्या इंजिनियरकडे. हा विमानाच्या पंखांचा माणूस. त्याच्याबरोबर सोळाएक जणांची टोळी. त्यांच्यापैकी फक्त दोघांकडे गाडी चालवायचा परवाना होता, असं साबवाले स्वतःच कौतुकाने सांगतात. आकार दिला सिक्स्टेन सासोन या चित्रकार-डिझायनरने. १९४६ मध्ये पहिला नमुना तयार झाला. त्याला पुढे 'उर-साब' म्हणजे आद्य साब असं नाव पडलं. त्याचा फोटो जरूर पाहा. बाजूने पाहिलं तर विमानाचा पंख उभा कापून चाकांवर ठेवावा तसा दिसतो. चाकंसुद्धा पत्र्याखाली झाकलेली. वारा कापत जायचं, हे एकच त्या मंडळींना ठाऊक होतं आणि तेच त्यांनी केलं.

या गाडीला नाव दिलं ९२. का? कारण ९० आणि ९१ हे आकडे विमानांना देऊन झाले होते. यादीतला पुढचा आकडा मोटारीला मिळाला. आपल्याकडे एका खात्याच्या रजिस्टरात दुसऱ्या खात्याची नोंद घालावी, तसं.

१९४९ च्या अखेरीस उत्पादन सुरू झालं. दोन सिलिंडरचं, ७६४ सीसीचं, २५ अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक इंजिन. ज्यांनी जुना चेतक किंवा लॅम्ब्रेटा चालवला आहे त्यांना टू-स्ट्रोक समजावून सांगायला नको. पंपावर पेट्रोलबरोबर ऑइल मिसळून घ्यायचं, मागे निळा धूर सोडत जायचं. यात एक अडचण असते. ऑइल पेट्रोलबरोबरच इंजिनात जातं, म्हणून लांब उतारावर ॲक्सिलरेटर सोडला आणि इंजिन मात्र चाकांनी फिरत राहिलं, तर ते कोरडं पडतं. साबने सायकलसारखं फ्रीव्हील बसवलं. पाय उचलला की चाकं मोकळी फिरणार, इंजिन आपलं आपलं हळू चालणार. जोर पुढच्या चाकांना दिला, म्हणजे इंजिनाचं वजन ओढणाऱ्या चाकांवरच येणार आणि बर्फात पकड सुटणार नाही. सुरुवातीची वर्षं गाडी एकाच रंगात मिळायची, हिरव्या. विमानांचा उरलेला रंग संपवायचा होता म्हणून, असं म्हणतात. मला ही गोष्ट पटते, कारण स्टोअरमध्ये पडलेला रंग संपवल्याशिवाय नवा मागवायचा नाही, ही शिस्त कुठल्याही लष्करी कारखान्याला शोभणारी आहे.

पुढची गाडी ९३, मग १९६० मध्ये ९६. या ९६ ने नाव कमावलं ते एरिक कार्लसन या धिप्पाड माणसाच्या हातून. त्याने ब्रिटनची आरएसी रॅली १९६०, ६१ आणि ६२ अशी लागोपाठ तीनदा जिंकली आणि मॉन्टे कार्लो १९६२, ६३ अशी दोनदा. हजार सीसीही नसलेल्या त्या गाडीने मोठमोठ्या इंजिनांना मागे टाकलं. कार्लसन गाडी इतक्यांदा उलटवायचा की लोक त्याला 'छतावरचा कार्लसन' म्हणायला लागले. स्वीडनमधल्या लहान मुलांच्या गोष्टीत त्या नावाचं एक पात्र आहे, त्यावरून. गाडी उलटायची, तो आणि त्याचा साथीदार ती सरळ करायचे, पुढे जायचे. यापेक्षा चांगली जाहिरात पैसे देऊन करता आली नसती. स्वीडनच्या रस्त्यांवर रात्री सांबराच्या दुप्पट-तिप्पट आकाराचं एल्क नावाचं जनावर आडवं येतं. त्याचे पाय उंच, म्हणून धडक बसली की धड सरळ काचेवर येतं. तिथे छत मजबूत असणं ही चैन नाही, गरज आहे.

मग साबच्या खास गोष्टींची रांगच लागली. किल्ली स्टिअरिंगजवळ नाही, दोन सीटच्या मध्ये. अपघातात गुडघा किल्लीवर आपटून फुटू नये म्हणून. शिवाय गिअर रिव्हर्समध्ये टाकल्याशिवाय ती निघायची नाही. हेडलाइटला वायपर, कारण बर्फाचा चिखल दिव्यांवर साचतो. १९७१ मध्ये गरम होणारी सीट. १९७७ मध्ये ९९ टर्बो. टर्बो तोवर शर्यतीच्या आणि श्रीमंतांच्या गाड्यांत होता. पेर यिलब्रांद आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तो घरच्या गाडीत आणला, आणि आणला तो कमाल वेगासाठी नाही, तर समोरचा ट्रक चटकन ओलांडता यावा म्हणून. आज आपल्याकडे हजार सीसीच्या छोट्या गाडीवर 'टर्बो' लिहिलेलं असतं, त्या विचाराचा मूळ धागा तिथे सापडतो. नव्वदच्या दशकात एक बटण आलं. रात्री ते दाबलं की वेगाच्या काट्याखेरीज डॅशबोर्डवरचे सगळे दिवे विझायचे, आणि काही बिघडलं तरच तेवढा दिवा पेटायचा. वैमानिकाच्या डोळ्यांना रात्री काय हवं असतं, हे ठाऊक असलेल्या घरातच हे सुचू शकतं.

१९७८ मध्ये आलेली ९०० ही या घराची सर्वांत गाजलेली गाडी. नऊ लाखांहून जास्त बनल्या. अमेरिकेत ती प्राध्यापक, वास्तुविशारद, डॉक्टर अशा लोकांची गाडी ठरली. शेजाऱ्याकडे मर्सिडीज आहे म्हणून मर्सिडीज घेणारा माणूस हिच्याकडे वळत नसे. साबवाला स्वतःला जरा वेगळा समजायचा आणि कंपनीनेही त्याला तसं समजू दिलं. अमेरिकन कादंबरीकार कर्ट व्हॉनेगट यांनी तर पन्नासच्या दशकाच्या शेवटी केप कॉड भागात साबची डीलरशिप काढली होती. ती चालली नाही. लेखकाने दुकान काढलं तर काय होतं, याचा अनुभव आपल्या प्रकाशकांना विचारा.

इथपर्यंत सगळं छान वाटतं ना? आता आकडे बघू या, कारण कौतुकाने कारखाना चालत नाही.

साबची विक्री अगदी भरात होती तेव्हाही वर्षाला सव्वा ते एक लाख पस्तीस हजार गाड्यांच्या पलीकडे गेली नाही. अमेरिकेत १९८६ हे उत्तम वर्ष, सुमारे ४८ हजार. शेजारची व्होल्व्हो याच्या तिप्पट गाड्या विकत होती. नव्या मोटारीचा आराखडा, साचे, इंजिन, धडकेच्या चाचण्या, याचा खर्च लाख गाड्या विका की दहा लाख, फारसा बदलत नाही. तो खर्च मग प्रत्येक गाडीवर वाटायचा. लाखावर वाटला तर गाडी महाग होते किंवा कंपनी तोट्यात जाते. साब दोन्ही करत आली. एकच मॉडेल पंधरा-पंधरा वर्षं ओढायचं, हा तिचा उपाय. ९६ वीस वर्षं बनत होती. ९००० हे मोठं मॉडेल १९८४ मध्ये आलं, तेही फियाट आणि लान्चियाबरोबर खर्च वाटून घेऊनच.

आणखी एक गोष्ट. साबचे चाहते निष्ठावान होते, पण निष्ठावान माणूस जुनी गाडी सोडत नाही. वीस वर्षं तीच चालवतो, तिच्यावर जीव टाकतो, मेळाव्याला येतो. कारखान्याला मात्र दर चार-पाच वर्षांनी नवी गाडी घेणारा लागतो. चाहता आणि गिऱ्हाईक ही एकच व्यक्ती असेल असं नाही. आपल्याकडच्या जुन्या रॉयल एनफिल्डवाल्यांना विचारून पाहा.

१९६९ पासून साब ही स्कॅनिया या ट्रक कंपनीबरोबर एका छताखाली होती, त्यामुळे वाईट वर्षं निभावून जात. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस डॉलर घसरला, अमेरिकेतला शेअर बाजार कोसळला आणि तिथली विक्री उतरली. मोटार विभागाचा तोटा झाकणं कठीण झालं. नेमकं तेव्हा, १९८९ मध्ये, साबने माल्मो शहरात जहाजबांधणीच्या बंद पडलेल्या गोदीच्या जागी नवा मोटार कारखाना उघडला. तो दोनच वर्षांत, १९९१ मध्ये, बंद करावा लागला. शत्रू समोर दिसत असताना नवं ठाणं उघडायचं आणि लगेच सोडून द्यायचं, याला आमच्या भाषेत काय म्हणतात ते इथे बोलायला नको.

खरेदीदार शोधणं सुरू झालं. फियाटशी बोलणी झाली, फोर्डशीही झाली. फोर्डने शेवटी जॅग्वार घेतली. जॅग्वारवर जनरल मोटर्सचाही डोळा होता. ती हातची गेली म्हणून त्यांनी साबकडे मोर्चा वळवला. १९८९ च्या डिसेंबरात सौदा ठरला. ६० कोटी डॉलर देऊन मोटार विभागाचा निम्मा हिस्सा जनरल मोटर्सने घेतला. उरलेला निम्मा २००० मध्ये साडेबारा कोटी डॉलरला. दहा वर्षांत त्याच निम्म्या हिश्शाची किंमत साठ कोटींवरून साडेबारा कोटींवर आली. या दोन आकड्यांत सगळा इतिहास मावतो.

आणि इथेच घराच्या वाटण्या झाल्या. १९९० पासून मोटारीची साब वेगळी, विमानांची साब वेगळी. नाव दोघांचं एकच.

जनरल मोटर्सच्या काळाबद्दल दोन मतं आहेत. चाहते म्हणतात, अमेरिकन मालकाने साबचं साबपण मारलं. जनरल मोटर्सची बाजू अशी, की आम्ही यांना ओपेलची तयार चौकट दिली, वरून पत्रा बदला आणि विका म्हणालो, तर यांनी खालचंही बरंचसं बदलून टाकलं आणि खर्च वाढवला. माझ्या मते दोन्ही खरं आहे. विमानाच्या घरात वाढलेल्या इंजिनियरला 'चालतंय की' हा शब्द कळत नाही. दुसऱ्या बाजूला, मालकाला साब का हवी होती हे मालकालाच कधी नीट ठरवता आलं नाही. जनरल मोटर्सकडच्या वीस वर्षांत बहुतेक वर्षं तोट्याची गेली.

२००२ मध्ये नवी ९-३ आली, तिला मागे उघडणारा मोठा दरवाजा नव्हता. साबवाल्याला तो फार प्रिय होता. सायकल, कपाट, कुत्रा, सगळं त्यातून आत जायचं. पुढे अमेरिकेत विकायला गाड्या कमी पडतात म्हणून जनरल मोटर्सने दोन सोंगं आणली. एक ९-२एक्स, जी खरं म्हणजे जपानची सुबारू इम्प्रेझा होती. लोकांनी तिला 'साबारू' असं नाव ठेवलं. दुसरी ९-७एक्स, ओहायोत बनणारी शेवरोलेची ट्रेलब्लेझर जीप. तिची किल्ली मात्र आठवणीने दोन सीटच्या मध्ये आणून बसवली होती. पलटण बरखास्त करून नुसता बिल्ला दुसऱ्या पलटणीच्या टोपीवर लावला, तर ती पलटण होते का?

तरीही २००६ मध्ये विक्री १ लाख ३३ हजारांच्या आसपास गेली. म्हणजे मरणासन्न म्हणावं अशी अवस्था नव्हती. त्यानंतर मात्र उतार. २००८ मध्ये ९० हजारांच्या घरात, २००९ मध्ये जेमतेम ४० हजार. आर्थिक संकटाने जनरल मोटर्सच कोलमडली. बुडत्या माणसाने आधी पाठीवरचं ओझं टाकावं, तसं साबला सोडायचं ठरलं. २० फेब्रुवारी २००९ ला साबने न्यायालयाकडून कर्जदारांपासून संरक्षण मागितलं.

स्वीडनमध्ये तेव्हा उजव्या बाजूकडे झुकलेलं सरकार होतं. उद्योगमंत्री मॉड ओलोफसन यांनी साफ सांगितलं, की मोटारीचे कारखाने चालवणं हे सरकारचं काम नाही. त्रोलहॅटनच्या लोकांना हे फार लागलं. पन्नासएक हजार वस्तीचं गाव, निम्म्या घरांचा साबशी या ना त्या मार्गाने संबंध. तेच सरकार लिनशोपिंगच्या साबकडून ग्रिपेन लढाऊ विमानं घेत होतं आणि परदेशात ती विकायला मदतही करत होतं. आपल्याही हवाई दलाच्या १२६ विमानांच्या स्पर्धेत ग्रिपेन उतरलं होतं; २०११ मध्ये ते बाहेर पडलं आणि पुढे रफाल पसंत झालं. विमान विकलं गेलं नाही तरी लिनशोपिंगचा कारखाना बंद पडत नाही, कारण त्याचं पहिलं गिऱ्हाईक घरचंच आहे आणि ते वीस-वीस वर्षांचे करार करतं. मोटारीला दर सकाळी नवं गिऱ्हाईक शोधावं लागतं. गुणवत्ता दोन्ही घरांत होती. खात्रीचा गिऱ्हाईक एकाच घराकडे होता. साबच्या मोटारीचा घात जनरल मोटर्सने केला असं म्हणणाऱ्यांनी हाही हिशोब मांडावा. १९९० नंतर ती मोटार आपल्या मूळ घराच्या सावलीतून बाहेर आली होती आणि तिला पुन्हा तशी सावली मिळाली नाही.

शेवटची तीन वर्षं मात्र पाहवत नाहीत. आधी कोएनिगसेग ही अतिवेगवान गाड्या बनवणारी छोटी स्वीडिश कंपनी पुढे आली. नोव्हेंबर २००९ मध्ये तिने माघार घेतली. डिसेंबरात जुन्या ९-३ आणि ९-५ चं तंत्रज्ञान बीजिंगच्या बाइक या सरकारी कंपनीला विकलं गेलं. जनरल मोटर्सने कारखाना मोडीत काढायची घोषणा केली. तेवढ्यात, जानेवारी २०१० मध्ये, डच उद्योजक व्हिक्टर म्युलर यांच्या स्पायकरने साब घेतली. स्पायकर वर्षाला मोजक्याच गाड्या बनवणारी कंपनी. भारतीयांना तिचं नाव वेगळ्या कारणाने माहीत असायला हरकत नाही. तिचा फॉर्म्युला वन संघ २००७ मध्ये विजय मल्ल्यांच्या गटाने विकत घेतला आणि त्याचा 'फोर्स इंडिया' झाला.

म्युलर यांची जिद्द होती, पैसा नव्हता. युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँकेचं ४० कोटी युरोचं कर्ज मंजूर झालं, त्याला स्वीडिश सरकारने हमी दिली. म्हणजे सरकार अगदीच हात झटकून बसलं नव्हतं. २०१० साठी ५० हजारांहून जास्त गाड्यांचा अंदाज होता. विकल्या गेल्या तीसएक हजार. इथे फौजी म्हणून मला एक गोष्ट दिसते. कारखाना आघाडीवर पडत नाही, तो मागून पडतो, रसद तुटल्यावर. मार्च २०११ च्या अखेरीस सुटे भाग पुरवणाऱ्यांची बिलं थकली. एकाने माल रोखला, मग दुसऱ्याने. असेंब्ली लाइनवर गाड्या अर्ध्या उभ्या. मेच्या शेवटी काही दिवस काम सुरू झालं, जूनमध्ये पुन्हा बंद. २३ जूनला कंपनीने जाहीर केलं की या महिन्याचा पगार देता येत नाही. काम नाही तरी कामगार हजेरी लावायला येत होते. तीन हजारांवर माणसं.

चिनी कंपन्यांशी बोलणी झाली; आधी हॉटाय, मग पांग दा आणि यंगमन. पैसा त्यांच्याकडे होता. पण साबच्या नव्या गाड्यांतल्या तंत्रज्ञानाचे परवाने अजून जनरल मोटर्सच्या हातात होते, आणि जनरल मोटर्सची चीनमध्ये शांघायच्या साइक कंपनीशी भागीदारी होती. आपलंच तंत्रज्ञान आपल्याच भागीदाराच्या स्पर्धकाला द्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. धंद्याच्या दृष्टीने यात चूक काढता येत नाही. त्रोलहॅटनसाठी मात्र तो शेवटचा घाव होता. १९ डिसेंबर २०११ ला साबने दिवाळखोरी जाहीर केली. ९-४एक्स ही नवी गाडी मेक्सिकोत बनत होती, तिच्या हजारही निघाल्या नव्हत्या.

आता व्होल्व्होकडे बघा. तीही स्वीडिश, तीही अमेरिकन मालकाला विकलेली. १९९९ मध्ये फोर्डने घेतली. तीही २०१० मध्ये हात बदलून चीनच्या जीलीकडे गेली, १८० कोटी डॉलरला. ती आज जगते आहे आणि चांगली जगते आहे. फरक दोन. तिची विक्री तीन-चार लाखांची होती, म्हणजे खर्च वाटायला जागा होती. आणि विकताना फोर्डने तिला लागणारं तंत्रज्ञान वापरायची मोकळीक देऊन पाठवणी केली. साबला माहेरचे दागिने अंगावर घालून निघता आलं नाही.

दिवाळखोरीनंतर लिलावाची वेळ आली तेव्हा त्रोलहॅटनच्या मोटार संग्रहालयातल्या गाड्याही विक्रीला निघाल्या. त्या वेळी गावची नगरपालिका, विमानांची साब आणि वालेनबर्ग घराण्याचा न्यास यांनी मिळून २ कोटी ८० लाख क्रोनर भरले आणि सगळा संग्रह सोडवला. वाटण्या होऊन वीस वर्षं झाल्यावर दुसरं घर धावून आलं ते असं, गाड्या वाचवायला. कारखाना वाचवायला नाही.

कारखाना २०१२ मध्ये नेव्हस नावाच्या कंपनीने घेतला. विजेच्या मोटारींचं स्वप्न होतं. २०१३ च्या डिसेंबरात पेट्रोलवरची ९-३ पुन्हा बनायला लागली, थोडीथोडी. मे २०१४ मध्ये पैशाअभावी थांबली. गंमत पाहा, त्याच मे महिन्यात हुगळीकाठच्या उत्तरपाड्यात हिंदुस्तान मोटर्सने काम बंद केलं आणि आपली ॲम्बेसिडर संपली. कोलकात्याच्या आपल्या मराठी मंडळींना तो आठवडा आठवत असेल. ॲम्बेसिडरचं नाव पुढे २०१७ मध्ये फ्रान्सच्या प्यूजोला ८० कोटी रुपयांना विकलं गेलं. साबचं नाव कोणालाच विकलं गेलं नाही. विमानांच्या साबने ते नेव्हसकडून काढून घेतलं. गरुडाचं डोकं आणि सिंहाचं अंग असलेलं ते जुनं चिन्ह तर ट्रकवाल्या स्कॅनियाचंही होतं, त्यामुळे ते नेव्हसला मिळण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे नेव्हसमध्ये चीनच्या एव्हरग्रांद या बांधकाम कंपनीचा पैसा आला, ती कंपनी कर्जात रुतली, आणि २०२३ च्या मार्चमध्ये नेव्हसने उरलेल्या ३४० पैकी ३२० माणसांना घरी पाठवलं.

इकडे दुसऱ्या घराचं काम जोरात आहे. युक्रेनचं युद्ध पेटल्यापासून युरोपभर शस्त्रांची मागणी वाढली, स्वीडनने दोनशे वर्षांची तटस्थता सोडून २०२४ मध्ये नाटोत प्रवेश केला. त्याच वर्षी हरियाणातल्या झज्जर जिल्ह्यात साबने कार्ल गुस्ताफच्या नव्या आवृत्तीसाठी स्वतःचा कारखाना उभारायला घेतला. नव्या लॉन्चरचं वजन सात किलोच्या आत आहे. ज्या जवानाच्या खांद्यावर तो जाणार, त्याला त्रोलहॅटन कुठे आहे हे माहीत असायचं कारण नाही.

तुमच्यापैकी कोणाची मुलं युरोपात असतील आणि तुमचं तिकडे जाणं झालं, तर गोटेनबर्गहून आगगाडीने त्रोलहॅटनला जा. तासाभराच्या आतला प्रवास आहे. नदीकाठी, जुन्या रेल्वे इंजिनांच्या कारखान्याच्या आवारात, ते सोडवलेलं संग्रहालय आहे. काळ्या रंगाची उर-साब तिथे आहे, चाकं पत्र्याखाली झाकलेली. ती बाजूने पाहा.